दर उतरवण्याआधी गिऱ्हाईक तपासा

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"भोसरी एमआयडीसीत आमचा लहान मोटारी आणि त्यांचे कंट्रोलर बनवण्याचा कारखाना आहे. बावीस वर्षे आम्ही पॅकेजिंगची यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांना माल देत आहोत. दुसऱ्याच्या नावाखाली किती दिवस काम करायचे, या विचाराने आम्ही स्वतःची घरगुती पिठाची गिरणी काढली. तिला एक अश्वशक्तीची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर आहे, नेहमीच्या मोटरीपेक्षा ती शांत आहे, साधारण २०० वॅट कमी वीज घेते आणि व्होल्टेज खाली आले तरी वेग बदलत नाही. आमचे कंपनी-ग्राहकही तिची तारीफ करतात. आमची वेबसाइट आणि एक मोठे ऑनलाइन विक्रीस्थळ मिळून वर्षभरात १४० गिरण्या गेल्या आणि १२ परत आल्या. 'आवाज फार येतो', 'जाळी बदलता येत नाही' असे अभिप्राय पडले आहेत. कारखान्यातला खर्च ११,५०० रुपये आणि किंमत १८ टक्के जीएसटी धरून १७,९९० रुपये आहे. एका नगामागे कमिशन सरासरी १,४०० आणि ४० किलोच्या खोक्याचे भाडे १,२०० रुपये पडते. जाहिरातीवर २,१०,००० रुपये गेले. दुकानदार २२ टक्के मागतात, ती आम्हाला लूट वाटते. भागीदार म्हणतात किंमत १४,९९० करू, मुलगा म्हणतो जाहिरात वाढवू, पत्नी म्हणते हे बंद करा. तुमचा सल्ला काय?"

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आकडे मोकळेपणाने दिल्यामुळे उत्तरही नेमके देता येते, आणि तेच आधी सांगतो. किंमत उतरवू नका, जाहिरात वाढवू नका आणि गिरणी बंदही करू नका. मात्र देशभरातल्या घराघरांत थेट विकण्याचा बेत सोडून द्या. तुमच्या यंत्राची कदर करील असे गिऱ्हाईक आहे, पण ते आठवड्यातून एकदा दळण काढणाऱ्या स्वयंपाकघरात नाही, असे तुमच्याच पत्रावरून दिसते. याची कारणे थोडी विस्ताराने लिहितो, कारण ही अडचण एकट्या तुमच्या कारखान्याची नाही. जगातल्या अतिशय हुशार अभियंत्यांच्या कंपन्या याच ठिकाणी अडखळलेल्या आहेत.

बावीस वर्षे तुमच्याकडे जी पार्टी येते, ती हातात ड्रॉइंग घेऊन येते. किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) हवा, किती आरपीएम (मिनिटाला फेरे) हवे, शाफ्टला किती टॉलरन्स (मापातला फरक) चालेल, हे तिला ठाऊक असते. सॅम्पल पास झाले की पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर निघते, माल गेटबाहेर पडतो आणि चलनावर सही होते. त्यानंतर त्या मोटरीचे पुढे काय होते, याचा घोर तुम्हाला नसतो, कारण तो दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असतो. यंत्र कोणाला हवे आहे ते शोधणे, ते प्रदर्शनात मांडणे, चालवून दाखवणे, उधारी सांभाळणे, ऑपरेटरला शिकवणे, ही सारी कामे पॅकेजिंग यंत्राची कंपनी करते, आणि रात्री अकरा वाजता यंत्र बंद पडल्याचा फोनही तिच्याच सर्व्हिस इंजिनिअरला येतो. या कामांचा लाभ तुमच्या मोटरीला मिळत होता, परंतु त्यांचे बिल कधीच तुमच्या नावावर फाटत नव्हते. अभियांत्रिकी कंपनीला घरगुती ग्राहकाच्या दारात जाणे जड जाते ते माझ्या मते मुख्यतः यामुळे. यंत्र चांगले असले की बाकीचे आपोआप होते, असा तिचा वर्षानुवर्षांचा अनुभव असतो आणि तो खोटाही नसतो. ते बाकीचे आपल्या नजरेआड कोण करीत आले, एवढे मात्र तिने कधी पाहिलेले नसते.

दुकानदाराच्या २२ टक्क्यांना तुम्ही लूट म्हटले आहे, म्हणून तो हिशोब आधी मांडू. १७,९९० रुपयांतून जीएसटी वजा केला की सुमारे १५,२५० रुपये उरतात. त्यातून ११,५०० गेले की तुमच्या हातात ३,७५० रुपये राहतात. आता यातून १,४०० कमिशन आणि १,२०० भाडे द्या. जाहिरातीचे २,१०,००० रुपये १४० गिरण्यांवर वाटले तर प्रत्येकीवर १,५०० पडतात. परत आलेल्या १२ गिरण्यांचे जाते-येते भाडे, नवे खोके आणि पोचे काढणे यांसाठी नगामागे २५० रुपये धरले, तरी एकूण ४,३५० रुपये होतात. म्हणजे 'थेट' विकलेल्या प्रत्येक गिरणीवर तुम्ही ६०० रुपये पदरचे घातले आहेत, आणि तुमचे दोन अभियंते फोनवर जाळी कशी बसवायची हे समजावण्यात घालवतात तो वेळ यात धरलेलाच नाही. दुकानदाराचे २२ टक्के म्हणजे ३,३५५ रुपये होतात. त्यांत टेम्पोने एकदम माल पोचवण्याचे नगामागे ३०० मिळवले, तरी आकडा ३,६५५च्या पुढे जात नाही. तुम्ही ज्याला लूट म्हणता तो मार्ग तुमच्या थेट विक्रीपेक्षा जवळजवळ ७०० रुपयांनी स्वस्त आहे, आणि त्या पैशांत दुकानदार गिरणी मांडून ठेवतो, दळून दाखवतो आणि पहिली तक्रार अंगावर घेतो.

अर्थात तसे करूनही तुमच्या हाती नगामागे शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत. भागीदारांचा मार्ग तर त्याहून बिकट आहे. १४,९९०तून जीएसटी गेला की १२,७०० रुपये उरतात, म्हणजे खर्चावर १,२०० रुपये. त्यात विक्रीस्थळाचे कमिशनही भागत नाही. दर उतरवल्याने विक्री वाढेल हे खरे असू शकते, पण मग वाढत्या विक्रीबरोबर तोटाही वाढेल.

या मोहात मोठमोठे पडले आहेत. १९७२ मध्ये अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीचे पल्सर हे सोन्याचे इलेक्ट्रॉनिक घड्याळ २,१०० डॉलरला विकले जात होते. त्याच वर्षी इंटेलने मायक्रोमा नावाची घड्याळांची कंपनी विकत घेतली. विचार अगदी तर्कशुद्ध होता: या नव्या घड्याळातली मोलाची वस्तू म्हणजे चिप, चिप तर आपणच बनवतो, मग घड्याळाचा नफा दुसऱ्याला का द्यायचा? तुमच्या पत्रातला 'दुसऱ्याच्या नावाखाली किती दिवस' हा प्रश्न मुळात तोच आहे. पुढे झाले असे की चिप सगळ्यांनाच स्वस्तात मिळू लागली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या दुसऱ्या चिप-कंपनीने १९७६ मध्ये घड्याळ २० डॉलरवर आणले आणि पुढच्याच वर्षी १० डॉलरवर. घड्याळातली चिप कोणाची, हे विचारणारे गिऱ्हाईक दुकानात येतच नव्हते. केस कशी दिसते, पट्टा कसा आहे, सराफाच्या काचेत ते कुठे मांडले आहे, टीव्हीवर त्याची जाहिरात किती वेळा दिसते आणि बिघडले तर कोणाकडे न्यायचे, यांवर विक्री ठरत होती. आणि यांतले एकही काम इंटेलला येत नव्हते. १९७८ मध्ये तिने तो धंदा मोडीत काढला. इंटेलचे एक संस्थापक गॉर्डन मूर, ज्यांच्या नावाचा नियम तुमच्या क्षेत्रात सर्वांना पाठ असतो, ते त्यानंतरही आपले मायक्रोमा घड्याळ मनगटावर बांधत आणि त्याला 'माझे दीड कोटी डॉलरचे घड्याळ' म्हणत.

तुमच्या भागीदारांना मात्र या गोष्टीचा दुसरा भाग वाचून दाखवा. किमतीची ही लढाई ज्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने जिंकली, तीही १९८१ मध्ये घड्याळांतून बाहेर पडली. त्याच कंपनीने घरगुती संगणकातही हेच केले. १९८१ मध्ये ५२५ डॉलरला काढलेला संगणक प्रतिस्पर्ध्यांशी झुंजत १९८३ पर्यंत १०० डॉलरवर आला आणि त्याच वर्षी बंद झाला. कारखान्याची शिस्त, मोठे उत्पादन, घटता खर्च, या बाबतींत तिच्याइतक्या तयारीच्या कंपन्या त्या काळी थोड्याच होत्या. तिला जे जमले नाही ते दर उतरवून आपल्याला जमेल, असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

आपल्याकडे याच घड्याळांची कथा वेगळ्या रीतीने घडली. यंत्रे बनवणारी यंत्रे देशात तयार व्हावीत म्हणून १९५३ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या एचएमटी या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळे काढली. ती घड्याळे उत्तम होती. मॅट्रिकला मिळालेले किंवा लग्नात सासऱ्यांनी दिलेले एचएमटी अजूनही कितीतरी मराठी घरांत किल्ली दिली की चालू होते. सेलवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ बनवण्याचे तंत्रही तिच्याकडे टायटनच्या आधीपासून होते. परंतु मालापेक्षा मागणी जास्त, अशा काळात ती वाढली असल्यामुळे घड्याळ विकावे लागते, ही गोष्ट तिला कधी शिकावीच लागली नव्हती. टाटा आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ मध्ये स्थापन केलेली टायटन १९८७ मध्ये बाजारात उतरली, ती सुरुवातीपासून गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार करून. वेळ दाखवणारे यंत्र म्हणून न विकता तिने घड्याळ भेटवस्तू म्हणून विकले, कपड्यांप्रमाणे निवडावे इतके नमुने ठेवले, प्रकाशाने उजळलेली स्वतःची दुकाने उघडली आणि मोत्सार्टच्या एका सुरावटीवर अशी जाहिरात केली की ती अजून लोकांच्या कानांत आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. सरकारी कंपनीचे इतरही अनेक आजार तिला होते, तेव्हा सगळा दोष दुकानाच्या काचेवर ढकलणे न्यायाचे होणार नाही; तरी दोन्ही कंपन्यांच्या घड्याळांतील यंत्राच्या दर्जात जेवढा फरक होता, त्याच्या मानाने त्यांच्या नशिबांतला फरक फार मोठा निघाला, हे मान्य करावे लागते.

आता तुमच्या २०० वॅटकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा तो आहे आणि तुम्ही तो चुकीच्या माणसाला सांगत आहात. चार-पाच माणसांचे कुटुंब आठवड्याला अर्धा तास गिरणी चालवते असे धरू. महिन्याला दोन तास होतात, म्हणजे तुमच्या मोटरीने ०.४ युनिट वीज वाचते. युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याची बचत तीन-सव्वातीन रुपये झाली. ज्या वैशिष्ट्यासाठी तुम्ही दोन वर्षे घालवलीत, मोटर आणि कंट्रोलरसाठी जास्तीचा खर्च सोसलात, जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत जे छापलेत, त्याची घरातली किंमत महिन्याला एका कटिंग चहाइतकीही नाही. ज्या गृहिणीने तुमची जाहिरात वाचून ती पुढे सरकवली, तिने हा हिशोब कागदावर मांडला नसेल, पण तिचा अंदाज बरोबर होता.

हेच तंत्र पंख्यात घातले की चित्र पालटते. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या दोन अभियंत्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्गचे उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. चाकणला तिचा कारखाना आहे. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, तिचा बीएलडीसी पंखा २८. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला सुमारे १७ युनिट, म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपये वाचतात, आणि घरात पंखे तीन-चार असतात. तरीही त्या कंपनीने आधी शेकडो पंखे एकाच ठिकाणी चालवणाऱ्या संस्था आणि कंपन्या गाठल्या, कारण वीजबिलाचा हिशोब मांडणारा माणूस तिथे पगारावर असतो. घरगुती बाजारात ती नंतर आली, आणि तिथे बचतीइतकेच काम रिमोटने केले. रात्री अंथरुणातून न उठता पंखा कमी करता येतो, हे समजायला कोणाला वॅट ठाऊक असावे लागत नाहीत. एकच मोटर, पण ती किती तास चालणार आणि कोणासाठी, यावर तिचे मोल ठरते.

घरातल्या गिऱ्हाइकाने तुम्हाला काय सांगितले तेही पाहा. 'आवाज फार येतो.' तुम्ही पत्रात लिहिता की मोटर नेहमीच्या मोटरीपेक्षा शांत आहे, आणि ते खरेच असणार. पण गिरणीत आवाज होतो तो मुख्यतः दळण्याच्या कप्प्यात, फिरणाऱ्या पात्यांवर दाणे आपटून आणि पत्र्याच्या कपाटाच्या थरथरण्याने. जो भाग तुमच्या हातखंड्याचा होता तो तुम्ही सुधारलात, आणि जो गिऱ्हाइकाच्या कानाला लागत होता तो तसाच राहिला. अभियंत्यांच्या कंपनीत हे फार वेळा घडते, कारण काय सुधारायचे हे तिथे कोणाला काय येते यावरून ठरते. जाळीचेही तसेच. गव्हाला एक जाळी, बेसनाला दुसरी, रव्याला किंवा भाजणीला तिसरी, हा बदल तुमच्या प्रयोगशाळेत हात बसलेला माणूस पटकन करतो. घरात तो पीठ लागलेल्या हातांनी, ओट्याशेजारच्या अपुऱ्या जागेत आणि बहुधा चष्मा न लावता करावा लागतो. तुमच्या २८ पानी इंग्रजी माहितीपुस्तिकेत टॉर्कचा आलेख आहे, पण चकलीच्या भाजणीला कोणती जाळी लावायची हे कुठेही नाही. शिवाय कंपनीकडून माल रिजेक्ट होतो तेव्हा सोबत रिपोर्ट येतो, मोजमाप येते, कधी फोटोही येतात. घरातून येतात ते दोन तारे आणि एक ओळ. त्या ओळीमागचा दोष शोधून काढणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि तुमच्या क्वालिटी विभागाला ते येत नाही याचा त्यांना दोष देता येणार नाही.

स्वयंपाकघरात जिंकलेल्या अभियंत्यांचे उदाहरण हवे असेल तर १९६०च्या दशकातला सुमीत मिक्सर आठवा. परदेशी मिक्सर आपल्या मसाल्यांपुढे टिकत नव्हता, या घरातल्याच तक्रारीतून त्याची सुरुवात झाली. मोटर किती ताकदीची असावी, हे हळकुंडाने आणि इडलीच्या पिठाने ठरवले.

मराठी उद्योगाच्या आरंभीच हा धडा एकाने गिरवलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. नांगराच्या धातूविषयी कितीही शास्त्र सांगितले असते तरी ती समजूत गेली नसती. शेजारच्या रानात तो चालताना आणि त्या रानात पीक उभे राहिलेले दिसावे लागले. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली, ती मुळात कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी, आणि ते काम लक्ष्मणरावांनी स्वतः न करता चित्रकलेचे शिक्षण घेतलेले त्यांचे पुतणे शंकरराव यांनी केले. ते पत्रक वाढून मराठीतले एक प्रमुख मासिक झाले हा भाग वेगळा. तुमच्या दृष्टीने घेण्यासारखे हे की यंत्र करणारा आणि त्याविषयी लोकांशी बोलणारा, अशी दोन स्वतंत्र माणसे त्या घराने ठेवली. तुमच्याकडे ही दोन्ही कामे सध्या तेच दोन अभियंते करतात, आणि दुपारी कंट्रोलरचे प्रोग्रॅमिंगही करतात.

थेट विक्रीची कायदेशीर बाजूही पत्रात आलेली नाही, म्हणून दोन वाक्ये. घरगुती ग्राहकाला ऑनलाइन विकणाऱ्याने २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत निवारण करावे लागते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारीही उत्पादकावर येते. ही जबाबदारी मोठ्यांनाही झेपणे कठीण जाते: दुकानदारांना वगळून विजेच्या स्कूटर थेट विकणाऱ्या ओला इलेक्ट्रिकला ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १० हजारांहून अधिक तक्रारींवरून नोटीस काढली होती. त्यांतल्या बहुतेक तक्रारी सोडवल्याचे कंपनीने सांगितले. पण तक्रारी सोडवायला तिच्याजवळ जेवढी माणसे होती त्यांच्या शंभराव्या हिश्श्याएवढीही तुमच्याकडे नाहीत.

तर आता काय करावे. पहिले काम पैशाचे नाही. ज्या १४० घरांत तुमची गिरणी गेली, त्या सगळ्यांना फोन करा, आणि तो तुमच्या पत्नीने किंवा दळणाची जाण असलेल्या दुसऱ्या कोणी करावा. अभियंत्याने केला तर तो पाचव्या मिनिटाला समोरच्याची चूक समजावू लागेल. 'गिरणी कशी वाटली' असे विचारू नका, त्यावर सभ्य माणसे 'छान' म्हणतात. मागच्या आठवड्यात काय दळले, कोणत्या जाळीने, गिरणी घरात कुठे ठेवली आहे, साफ कोण करते, हे विचारा. माझा अंदाज असा की या १४० जणांत थोडे लोक असे निघतील जे ती रोज काही तास चालवतात: घरून भाजणी, मेतकूट, नाचणीचे सत्त्व विकणारे गृहउद्योग, एखादा बचत गट, एखादे खानावळीचे स्वयंपाकघर. त्यांची नावे वेगळ्या कागदावर लिहा. तुमचे गिऱ्हाईक ते आहे.

असा गृहउद्योग दिवसाला सहा तास आणि महिन्याला २६ दिवस गिरणी चालवतो असे धरले, तर तुमच्या २०० वॅटचे महिन्याला ३१ युनिट होतात, आणि दहा रुपये दराने तीनशेहून अधिक रुपये. तुमची गिरणी साध्या गिरणीपेक्षा पाच हजारांनी महाग असली तरी ते पैसे दीड वर्षाच्या आत सुटतात, आणि हे गणित त्या बाईंना तुम्ही समजावण्याआधी येत असते, कारण वीजबिल त्याच भरतात. संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावरही पीठ तेवढेच बारीक निघते, ही गोष्ट पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कोणाच्या लक्षातही येत नाही. मुळशी किंवा जुन्नरच्या गावात तिच्यावर ऑर्डर अवलंबून असते. मात्र घरगुती म्हणून बनवलेले यंत्र सलग सहा तास चालवायला तसेच देऊ नका. मोटर आणि कंट्रोलर सतत चालण्याच्या हिशोबाने तापमान मोजून तपासा, बेअरिंग बदला, कप्प्याचा पत्रा जाड करा. बावीस वर्षे तुम्ही हेच काम करीत आला आहात, त्यामुळे ते कोणाकडून शिकावे लागणार नाही. अशा गिरणीची किंमत २१-२२ हजारांपर्यंत नेली तरी हरकत नाही. त्यात दळून दाखवण्याचा आणि पहिल्या वर्षी दोनदा माणूस पाठवण्याचा खर्च बसतो. विक्री सुरुवातीला पुणे जिल्ह्यापुरतीच ठेवा, म्हणजे बंद पडलेल्या यंत्राजवळ तुमचा माणूस त्याच दिवशी पोचेल.

घरगुती बाजाराचे दार पूर्ण बंद करावे असे मी म्हणत नाही. पण तिथे तुम्ही मोटर आणि कंट्रोलरचा संच घेऊन जा, गिरणी घेऊन नव्हे. घरगुती गिरण्यांचे जे जुने ब्रँड आहेत, ज्यांची दुकाने आणि मेकॅनिक आधीपासून गावोगाव आहेत, त्यांच्या परचेस विभागाला भेटा. त्यांच्याशी बोलण्याची भाषा तुम्हाला येते. दुसऱ्याच्या नावाखाली काम करण्यात कमीपणा आहे, हा तुमच्या पत्रातला सूर मला पटला नाही. मायक्रोमा मोडीत काढणाऱ्या इंटेलने १९९१ पासून दुसऱ्यांच्या संगणकांवर आपले नाव चिकटवण्याची जी मोहीम चालवली, तिने घराघरांत ओळख मिळवली, आणि त्यासाठी तिला एकही संगणक गिऱ्हाइकाच्या दारात न्यावा लागला नाही. गिरणीच्या कपाटावर ब्रँडच्या नावाखाली तुमच्या मोटरीचे नाव लहान अक्षरांत यावे, ही अट करारात घालण्याचा प्रयत्न जरूर करा. पहिल्या वर्षी ती मान्य होणार नाही, हे धरून चाला.

मुलाला सांगा की जाहिरातीचे उरलेले बजेट त्याच्याच हातात राहील, पण ते दळून दाखवण्यावर खर्च करायचे. एका टेम्पोत दोन गिरण्या, पाच-सहा प्रकारची धान्ये आणि जाळ्यांचा पूर्ण संच घेऊन त्याने तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी आणि बचत गटांच्या बैठकींना जावे. सोबत मराठीत एकच पान असावे: कोणत्या धान्याला कोणती जाळी, काय दळू नये, साफ कसे करावे आणि खाली फोन नंबर. तेलकट दाणे आणि ओले धान्य घालू नये, हे त्यावर मोठ्या अक्षरांत हवे. तुमच्याकडे परत आलेल्या १२ गिरण्यांपैकी काहींचे कप्पे त्यानेच तुंबले असावेत, असा मला संशय आहे. त्या उघडून पाहा.

वेळेचे गणितही लक्षात ठेवा. गृहउद्योगांच्या दिवाळीच्या ऑर्डरी गणपती उठले की सुरू होतात आणि चकलीची भाजणी त्यांना टनाने दळावी लागते, म्हणून सुधारलेल्या पहिल्या दहा गिरण्या श्रावणाच्या आत त्यांच्याकडे चालू असल्या पाहिजेत. त्या विकू नका, वापरायला द्या, आणि दर आठवड्याला मीटरचे आकडे लिहून घ्या. दिवाळीनंतर त्या दहांपैकी निम्म्या जणी गिरणी परत न देता पैसे विचारू लागल्या नाहीत, तर मात्र पत्नीचे ऐका.